लाभ, दोन, तीन

वाडा बघायला गेलो की मी आधी मागचं दार शोधतो. ही खोड जुनी आहे. पुढच्या बाजूला कमान असते, देवडी असते, अलीकडं तिकीटखिडकीही असते; आत हंड्या-झुंबरं, ढाल-तलवारी, भुसा भरलेला एखादा वाघ. ते सगळ्यांनाच दिसतं. पण एवढ्या माणसांच्या स्वयंपाकाचं जळण कुठून आत यायचं, पाणी कोण भरायचं, खरकटं कुठल्या वाटेनं बाहेर जायचं, हे कळल्याशिवाय त्या घरात गेल्यासारखं मला वाटतच नाही. बायको म्हणते, राजवाडा दाखवायला न्यावं तर हे मोरीचं पाणी कुठं जातं ते बघत बसतात.

खोड लावली आत्तीनं. आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. आता ब्याऐंशीची आहे. नवव्या वर्षापासून लग्न होईपर्यंत ती आमच्या गावच्या वाड्यात कामाला होती. कामाला म्हणजे काय, तर शेण काढणं, भांडी घासणं, पोरं सांभाळणं, आणि पावसाळ्यात ओली लाकडं चुलीशेजारी उभी करून वाळवणं. चंदगड तालुक्यात पाऊस जूनला येतो आणि गणपती उठले तरी हलत नाही. त्या चार महिन्यांत वाळलेलं लाकूड म्हणजे दागिना. वाड्यात ते माडीपर्यंत रचलेलं असायचं.

वाडा मी पाहिलाय, पण उतरत्या काळातला. चिऱ्याचा उंच जोता, वर मातीच्या जाड भिंती, दोन चौक, सोप्याला काळेभोर तुळतुळीत खांब. महादरवाजा दसऱ्याला आणि लग्नकार्याला उघडायचा. एरवी पाव्हण्यारावळ्यांनी दिंडीतून वाकून आत जायचं. कुळांनी मात्र दिंडीतूनही नाही. त्यांनी परड्याकडून यायचं. तिथं फणसाखाली शेणानं सारवलेलं अंगण होतं आणि भात तिथंच मापून घेतलं जायचं. खंडाला आमच्याकडं फाळा म्हणतात. सुगी झाली की पोती बैलगाडीत घालून कुळं परड्याच्या दाराशी ओळीनं उभी राहायची. त्यात माझे आजोबाही असायचे.

आत्तीनं ते माप बघितलंय. तिच्याकडून मी इतक्यांदा ऐकलंय, की आता मीच तिथं होतो असं वाटायला लागलंय. वाड्यात दोन पायल्या होत्या, दोन्ही लाकडी, कडांना लोखंडी पट्ट्या मारलेल्या. एक घ्यायची, एक द्यायची. लांबून बघितलं तर जुळ्या भावांसारख्या. घ्यायची पायली शिगेनं भरायची, म्हणजे वर भाताचा ढीग उभा राहून कडेनं घरंगळायला लागेपर्यंत. घरंगळलेलं भातही वाड्याचंच. गड्यांना मजुरी द्यायची वेळ आली की दुसरी पायली निघायची आणि तिच्यावरून फळी फिरायची. दिवाणजी मोठ्यानं मोजायचे. धान्य मापताना पहिल्या मापाला आपण 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो: लाभ, दोन, तीन, चार. आजोबांनी पोतं ओतायचं आणि दिवाणजींनी म्हणायचं, लाभ.

"आणि कुणी काय बोलायचं नाही?" मी विचारायचो.

"काय बोलायचं? पायलीला तोंड असतंय व्हय?"

मी कॉलेजात असताना हे ऐकलं आणि माझं रक्त तापलं. तेव्हा आमच्या पिढीचं रक्त लवकर तापायचं. आत्तीचं मात्र अजिबात तापलेलं नव्हतं. उलट वाड्यातल्या आईसाहेबांचं नाव निघालं की तिचे डोळे भरून येतात. दिवाळीला आईसाहेब स्वतः परड्याच्या दाराशी यायच्या आणि प्रत्येक पोरीच्या ओट्यात ओंजळभर चुरमुरे, वर लाडू घालायच्या. पगार नाही, ती माया, असं आत्ती म्हणते. तीसएक वर्षांपूर्वी वाडा उतरवला, खांब-दरवाजे विकले गेले, तेव्हा अख्ख्या गावात रडणारी बाई एकच होती, आणि ती आमच्या घरातली होती. मी तिला म्हणालो, त्यांच्या पायलीनं आपली दोन पिढ्यांची पोटं मारली. ती म्हणाली, "वाडा होता तवा गावाला तोंडावळा होता. आता बघ, कुठनंबी बघितलं तरी पाठच दिसती."

तिच्या या बोलण्याला उत्तर मला आजवर सापडलेलं नाही.

चंदगडची जमीन हा तसा एक वेगळाच ग्रंथ आहे. तालुक्यातल्या चाळीसहून अधिक गावांच्या सातबाऱ्याला 'हेरे सरंजाम' हे शब्द चिकटलेले आहेत. सरंजाम म्हणजे फौजफाटा बाळगायच्या अटीवर गावांचा महसूल तोडून देणं. फौज गेली, लढाया गेल्या, इंग्रज आले, तरी महसूल घेणारे राहिले. स्वातंत्र्यानंतर 1952 च्या नियमांनी मुंबई राज्यातले सरंजाम आणि जहागिऱ्या सरकारनं काढून घेतल्या. पुढं कूळकायद्यानं 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन ठरवला. कसेल त्याची जमीन. माझ्या आजोबांना 'कृषक दिन' हा शब्द शेवटपर्यंत नीट म्हणता आला नाही, पण त्या वर्षापासून परड्याच्या दाराशी गाडी न्यायची नाही एवढं त्यांना पक्कं समजलं होतं. त्याच धामधुमीत, 1 नोव्हेंबर 1956 ला, बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि चंदगड त्यातून सोडवून कोल्हापूरला जोडलं गेलं. मालक बदलला, जिल्हा बदलला, राज्याच्या सीमा बदलल्या, आणि आजोबांचा बांध होता तिथंच राहिला.

सरंजामाच्या जमिनी कसणाऱ्यांकडं आल्या खऱ्या, पण सातबाऱ्यावर शिक्का बसला: भोगवटादार वर्ग 2. म्हणजे कसा, पिकवा, खा. विकायची तर परवानगी काढा. कर्ज काढायला गेलं की बँकेतला साहेब कागद उलटापालटा करणार. तो वर्ग 1 करून मिळावा म्हणून आमच्या तालुक्यातले लोक किती वर्षं कचेऱ्यांचे उंबरे झिजवत होते, ते इथल्या कुणालाही विचारा. या प्रकरणातला माझा आवडता शब्द म्हणजे नजराणा. वर्ग बदलायचा तर सरकारला भरायच्या रकमेला कागदोपत्री नजराणाच म्हणतात. दरबार गेला, गादी गेली, पण ताट पुढं करायची रीत तेवढी महसूल खात्यानं जपली.

आत्तीला घेऊन आम्ही गोव्याला गेलो ते तीन वर्षांपूर्वी. पुतण्याची गाडी, तिलारीचा घाट. तो घाट उतरताना आत्तीनं डोळे मिटून रवळनाथाचा धावा केला आणि दोडामार्गला चहा प्याल्यावरच उघडले. समुद्र बघून झाला, मंगेशी झाली, मग माझ्या हट्टानं आम्ही चांदरला गेलो. चांदर म्हणजे जुनं चंद्रपूर, कदंबांची राजधानी. आता तिथं रस्त्याला समांतर पसरलेलं एक घर आहे. घर कसलं, आगगाडी म्हणा. एका अंगाला मिनेझिस ब्रागांझा, दुसऱ्या अंगाला ब्रागांझा परेरा, असे एकाच कुळाचे दोन भाग. खिडक्यांची ओळ संपता संपत नाही. तिकीट नाही. घरची माणसं दाखवतात आणि निघताना डबीत काहीतरी टाका म्हणतात, घर राखायला पैसा लागतो.

आत लाल चकचकीत जमीन, चिनी मातीच्या बरण्या, कोरीव खुर्च्या, शिसवी पलंग, नाचायचा दिवाणखाना. पूर्वेकडच्या भागात खासगी चॅपेल आहे आणि तिथं संत फ्रान्सिस झेवियरचं नख जपून ठेवलंय. पश्चिमेकडच्या भागात पुस्तकांची कपाटं. ती लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांची. हा माणूस मला मोठा वाटतो. 1878 चा जन्म, 1900 साली 'ओ एराल्दो' या गोव्यातल्या पहिल्या दैनिकाच्या स्थापनेत हात, आणि 1930 मध्ये पोर्तुगीजांच्याच कौन्सिलात गोव्याच्या लोकांच्या स्वयंनिर्णयाची मागणी. एवढ्या मोठ्या घरात राहून त्यानं सत्तेविरुद्ध लिहिलं. किंवा एवढं मोठं घर होतं म्हणूनच लिहिता आलं. दोन्ही बाजूंनी बघता येतं.

आत्ती दिवाणखान्याच्या उंबऱ्यावरच थांबली. चपला तिनं केव्हाच बाहेर काढल्या होत्या, कुणी सांगितलं नसताना. मग खाली बसून तिनं हातानं जमीन चाचपून बघितली.

"ह्याला किती बाया लागत असतील रं पुसाय?"

मी म्हटलं, विचारू या. दाखवणाऱ्या बाईंना मी आडून आडून विचारलं, पूर्वी नोकर किती होते. त्या हसून म्हणाल्या, पुष्कळ. आता? आता एक बाई येते.

मग आत्तीनं बाहेर झाडांकडं बोट केलं. "आन नारळ कोन मोजायचं?"

हा प्रश्न मला कधी सुचला नसता. गोव्यात जमीनदार म्हणजे भाटकार, आणि त्याच्या भाटात खोप बांधून राहणारा तो मुंडकार. मुंडकारानं भाडं द्यायचं नाही, पण भाट राखायचं, बोलावलं की जायचं, भाटकाराच्या घरी फेस्त असलं की राबायचं. घर त्याचं, त्याखालची जमीन दुसऱ्याची. म्हणजे आज कौल शाकारायचं तरी तोंड बघायचं. मुंडकारांना हुसकावता येऊ नये म्हणून गोव्यात 1975 मध्ये कायदा झाला. तेवढ्या एका प्रश्नानं आत्ती त्या झुंबरांखालून सरळ भाटात पोचली होती, माडाच्या बुंध्याशी, जिथं कुणीतरी नारळांचा ढीग करून मोजत असणार आणि दुसरा कुणीतरी उभा राहून ते मोजणं ऐकत असणार. तिथं पहिल्या नारळाला काय म्हणत होते कोण जाणे.

निघताना आत्तीनं कनवटीची शंभराची नोट काढून डबीत टाकली. मी म्हटलं, आमच्यापैकी कुणीतरी टाकलंय की. ती म्हणाली, "एवढं मोठं घर, बिचाऱ्यांनी राखायचं कसं?" बिचाऱ्यांनी! गाडीत बसल्यावर पुतण्या पोट धरून हसला. मला हसू आलं नाही.

परतताना सावंतवाडीला थांबलो. मोती तलावासमोरचा राजवाडा, लाल चिऱ्याचा, आमच्याकडच्या मातीच्याच रंगाचा, म्हणून परका वाटत नाही. आत कारागीर बसून गंजिफा रंगवत होते. दशावतारी गंजिफा म्हणजे दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाची बारा पानं, एकूण एकशेवीस. गोल पानं, लाखेची चकाकी. बुडणारी ही कला सावंतवाडीच्या राजघराण्यानंच तगवली, त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. तिथल्या एकानं मला खेळाची एक गंमत समजावून सांगितली. अर्ध्या रंगांत दश्शी सगळ्यांत वरची आणि एक्का तळाला. उरलेल्या अर्ध्या रंगांत क्रम उलटा, एक्का वर आणि दश्शी तळाला. मी खूश झालो, म्हटलं बघा, जुन्या लोकांनी खेळात तरी उलथापालथ केली. मग म्हटलं, आणि राजा-प्रधान? तो पानावरची बारीक रेघ ओढता ओढता म्हणाला, ते दोन्हीकडं वरच.

कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यात मात्र आत्ती कधीच आली नाही. "त्यो आपला न्हवं," म्हणते. तिच्या बालपणी आम्ही बेळगावातले होतो, कोल्हापूर संस्थानची हद्द आमच्या अलीकडंच संपायची. शाहू महाराजांनी 1918 मध्ये महार वतन मोडलं, त्याची हवा घाटवाटेनं आमच्याकडं आली असेल तेवढीच. त्यामुळं हा वाडा मी एकट्यानंच बघितलाय, चार-पाच वेळा. काळा घोटीव दगड, मनोरे, घड्याळ. खाली वस्तुसंग्रहालय, वर राजघराण्याचं राहतं घर. वास्तुविशारद मेजर चार्ल्स मँट, बडोद्याचा लक्ष्मीविलासही त्याच्याच आराखड्याचा. शाळेच्या सहली येतात. पोरं वाघांपुढं रेंगाळतात, मास्तर "चला, चला" म्हणत राहतात. मीही मास्तरच होतो, मीही तसंच म्हणायचो.

पण या वाड्याची तारीख मला पहिल्यापासून टोचते. बांधकाम 1877 ते 1884. आणि 1876 ते 1878 हा दख्खनचा महादुष्काळ. त्या वर्षांत गावंच्या गावं दुष्काळी कामांवर खडी फोडत होती. सरकारचा माणूस सर रिचर्ड टेंपल, त्यानं ठरवलेली मजुरी पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा. एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम, अर्ध्या किलोलाही कमी. दिवसभर दगड फोडणाऱ्या माणसाला! 1877 च्या सुरुवातीला मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी या मापावर काम करायला नकार दिला, छावण्या सोडून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू मांडली. दगड इथंही फुटत होता, दगड तिथंही फुटत होता. एकाची खडी झाली, एकाचा राजवाडा. वाड्याच्या पायऱ्यांवर हात ठेवला की दगड फार गार लागतो, इतका घोटलेला आहे.

आणि ज्याच्यासाठी म्हणून हा वाडा उठत होता तो राजा? गादीवर होते चौथे शिवाजी. 1871 मध्ये दत्तक आले तेव्हा लहान मूल. पुढं वेडे ठरवून त्यांना डांबलं. कारभार दिवाण माधवराव बर्वे यांच्या हाती. राजाचा छळ होतोय असं 'केसरी' आणि 'मराठा'नं छापलं, बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला घातला, आणि टिळक-आगरकर 1882 मध्ये डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस बसले. पुढच्याच वर्षी, 25 डिसेंबर 1883 ला, अहमदनगरच्या किल्ल्यात पहाऱ्यावरच्या ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत महाराजांचा अंत झाला. वीस वर्षांचं वय. वाडा पुरा झाला 1884 मध्ये.

हे वाचलं तेव्हा मला वाटलं, आता माझ्या हिशोबाची पंचाईत झाली. वाड्यांकडं बघताना मी आपला एका बाजूला पायली धरणारे आणि दुसऱ्या बाजूला पोतं ओतणारे असा सोपा जमाखर्च मांडलेला. त्यात हा पोरका राजा कुठं लिहायचा? त्याच्या नावावर एवढा मोठा वाडा आणि त्याच्या वाट्याला किल्ल्यातली एक खोली. पण मग लक्षात येतं की दुष्काळी छावण्यांतल्या माणसांसाठी कुणी वर्तमानपत्र तुरुंगात गेलं नाही, त्यांची नावंही कुठं राहिली नाहीत. राजाच्या दुःखालासुद्धा पुढचं दार असतं.

आमच्या तालुक्यात वाड्यांवर लिहिलं कुणी, तर वाड्यातल्याच माणसानं. रणजित देसाई कोवाडचे. 1928 चा जन्म, देसाई घराणं, ताम्रपर्णीचा काठ. त्यांची 'स्वामी' ही कादंबरी 1962 ची, 1964 चं साहित्य अकादमी पारितोषिक तिला मिळालं. चंदगड कुठंय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांनाही 'स्वामी' ठाऊक असते. शनिवारवाड्यातल्या माधवराव पेशव्यांचा जीव ज्यानं ओळखला तो आमच्या मातीत वाढलेला, याचा आम्हाला अभिमान आहे. तरी मनात एक किडा वळवळतोच. शनिवारवाड्याला खर्च किती आला ते आपल्याला रुपयापर्यंत माहीत आहे, 16,110 रुपये. 1732 ची वास्तुशांत. पण रमा-माधवाच्या त्या माडीवर पाण्याच्या घागरी कुणी चढवल्या, ते सांगणारी कादंबरी लिहायची तर कागदच सापडत नाहीत. आत्तीला लिहिता येत नाही. मला येतं, पण मी कधी घागर चढवलेली नाही.

मध्यंतरी अर्थतज्ज्ञ पिकेटी आणि त्याच्या सोबत्यांचा भारताविषयीचा अभ्यास आला. 2022-23 मध्ये देशातल्या वरच्या एक टक्का लोकांकडं एकूण संपत्तीचा 40.1 टक्के वाटा, असं त्यात निघालं. ब्रिटिश राजवटीपेक्षाही आजची विषमता जास्त, असं ते म्हणतात. मी आत्तीला ते सोपं करून सांगायला गेलो. शंभर माणसं, शंभर पायल्या भात, एका माणसाला चाळीस. ती म्हणाली, "मग त्येचा वाडा केवढा असंल!" तिला तो वाडा बघायची इच्छा झाली होती.

आणि वाडे आहेतच. पाटणे फाट्यावरून तिलारीनगरकडं जाताना काजूच्या बागा लागतात. तिथं आता मधूनच सिमेंटच्या कंपाउंडी, मोठी लोखंडी फाटकं आणि त्यांवर 'व्हिला' नाहीतर 'फार्म' असं काहीतरी. बेळगाव, गोवा, पुण्याकडच्या गाड्या शनिवारी येतात, रविवारी जातात. आत हिरवळ, पोहायची टाकी. साडेतीन-चार महिने आभाळ फाटल्यासारखा पाऊस पडतो त्या मुलखात पोहायची टाकी! फाटकावर आमच्याच गावचं पोर खुर्ची टाकून बसलेलं असतं, हातात मोबाइल. त्याच्या आज्याची बाग होती ती. वर्ग 2 चा शिक्का जाचक होता यात शंका नाही, तो उठावा म्हणून सह्यांच्या कागदावर मीही सही केलीय. पण तो शिक्का कुंपणही होता, हे आता फलक वाचताना कळतं: प्लॉट विकणे आहे, क्लिअर टायटल. सरंजामदाराची जमीन कुळाकडं यायला किती पिढ्या गेल्या. कुळाकडून फाटकाकडं जायला एक सही आणि एक चेक पुरतो. पोरांना शिकवायचं असतं, आजारपण असतं, त्यांना नावं कशी ठेवू? माझ्या सख्ख्या चुलतभावानं अर्धा एकर दिली. त्या पैशात त्याच्या मुलीचं नर्सिंग झालं. मुलगी आता गोव्यात नोकरी करते, आणि त्या अर्ध्या एकराला तारेचं कुंपण आहे.

फाटकातून आत मी एकदाच गेलोय, मालक ओळखीचे निघाले म्हणून. चहा झाला. सवयीनं मी मागच्या बाजूला गेलो. तिथं पत्र्याची एक खोली, राखणदाराचं कुटुंब, दोरीवर धुणं. पुढच्या हिरवळीवरून ती खोली दिसू नये म्हणून मध्ये बांबूचं बेट लावलेलं. बांबू छान तरारला होता.

मी कुणाला बोलणार? माझं स्वतःचं घर बघा. वडील लालबागच्या गिरणीत होते, 1982 च्या संपानंतर हात हलवत गावी आले. मग माझी शाळेतली नोकरी, सोसायटीचं कर्ज, आणि त्यातून बांधलेलं स्लॅबचं घर. पुढं जिना, ग्रिल, फरशी. बांधताना गवंड्यानं विचारलं, मागं दार काढायचं न्हवं? मी म्हटलं, काढ की, मोरी तिकडं आहे. भांडी घासायला येणारी बाई त्या दारानं येते. तिला मी कधी तसं सांगितलेलं नाही. कुणीच सांगितलेलं नाही. पहिल्या दिवशी ती पुढून आली, घराभोवती बघितलं, आणि दुसऱ्या दिवसापासून आपणहून मागनं यायला लागली. चार वर्षांत मला ते दिसलं नव्हतं. मी, दुनियेची मागची दारं शोधत फिरणारा!

गेल्या दिवाळीला आत्तीकडं गेलो होतो. तिच्या घरी मळणी आटोपली होती, उंबऱ्यापाशी भाताची रास, घरभर नव्या पेंढ्याचा वास. कापणीला आलेल्या दोन बाया ओसरीच्या कडेला बसल्या होत्या. मजुरी रोख दिली होती, पण आत्तीकडं अजून वर थोडं भात द्यायची रीत आहे. मी कोपऱ्यात बघितलं तर कणगीशेजारी दोन लाकडी पायल्या, कडांना गंजलेल्या पट्ट्या.

"ह्या कुठल्या?"

"वाड्यातल्या. वाडा उतरवला तवा कोन काय न्हेत हुतं, कोन काय. खांब न्हेले, कड्या न्हेल्या. ह्या पडल्या हुत्या उकिरड्यावर. मी आणल्या."

एवढी वर्षं ऐकलेल्या पायल्या समोर होत्या. मी दोन्ही हातात घेतल्या. जुळ्याच. मग राहवलं नाही म्हणून एक भातानं भरली, हातानं छाटली आणि दुसरीत ओतली. दुसरी काठोकाठ भरून वर सांडलं. जमिनीवर पडलेलं गोळा केलं तर दोन मुठी भरल्या. दर पायलीला दोन मुठी, आणि वर शीग वेगळी. आजोबा वर्षाला किती पायल्या घालायचे याचा मी मनात हिशोब करायला लागलो.

"सांडू नगंस," आत्ती म्हणाली. तिनं माझ्या हातातनं पायल्या काढून घेतल्या, एक परत कोपऱ्यात ठेवली, एक राशीत खुपसली. बायांनी ओटे पुढं केले. आत्तीनं पायली भरली, वरनं तळहात सपाट फिरवला आणि पहिल्या बाईच्या ओट्यात रिकामी केली.

"लाभ," ती म्हणाली.

मग दोन. मग दुसऱ्या बाईचं. दोघींचं मापून झाल्यावर तिनं पायली बाजूला ठेवली, राशीत हात घातले आणि दोघींच्याही ओट्यात ओंजळ ओंजळ भात वर घातलं. बाया हसल्या. आत्तीही हसली. कुठली पायली कोपऱ्यात राहिली ते मी बघितलं होतं.